विजेरीतला लिथियमचा सेल : थोडे शास्त्र, थोडा हिशेब

(बी. कॉम. भाग २, मराठी विभाग)

'विजेरी' हा शब्द आपण पाठ्यपुस्तकात वाचतो आणि तेथेच ठेवून देतो. आमच्या अथणी भागात घर मराठी असो की कन्नड, तिला 'बॅटरी' म्हणतात व तिच्या पोटात जे घालावयाचे त्याला 'सेल'. इंदूरला माझ्या मामांच्या दुकानात मात्र विजेरीला टॉर्च म्हणतात आणि सेलला बॅटरी! पहिला आठवडाभर गिऱ्हाइकाने "भैया, बॅटरी दिखाओ" म्हटले की मी विजेरी काढून पुढे ठेवीत असे, आणि मामा गल्ल्यामागून हसत असत. असा घोळ या लेखात होऊ नये म्हणून मी येथे विजेरी आणि सेल हेच दोन शब्द वापरणार आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने असल्या विषयावर का लिहावे, असे विज्ञान शाखेतील मित्र विचारतील. त्याचे उत्तर असे की, मी एक चूक केली. ती पुढे सांगेनच.

आईचे आजोबा कापड गिरणीत कामाला म्हणून इंदूरला गेले आणि तिकडचेच झाले. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, त्याच्या आगेमागे घरातील पुढच्या पिढीने गिरणीचा नाद सोडून विजेच्या सामानाचा धंदा धरला. महाराणी रोड म्हणजे इंदूरचा विजेच्या सामानाचा बाजार. त्याच्याच एका आतल्या गल्लीत मामांचे दुकान आहे : पुढे विक्री, मागे दुरुस्ती. गेल्या दोन उन्हाळ्यांत मी तेथे खतावणी लिहावयास बसलो. हिशेब लिहिता लिहिता हाताला सोल्डरिंगचाही नाद लागला.

आता थोडे शास्त्र. आपल्या वाडवडिलांच्या विजेरीत असे तो सुका सेल. त्याचे मूळ फ्रान्समधील लेक्लांशे याने १८६६ साली केलेल्या घटात आहे. त्याचा दाब दीड व्होल्ट. दोन सेल एकापुढे एक घातले की तीन व्होल्ट होत व तेवढ्यावर लहानसा दिवा पिवळा उजेड देई. त्या दिव्यात तार तापून लाल-पिवळी होई. म्हणजे बहुतेक वीज उष्णतेतच जाई आणि उजेड हा वरकड. एलईडीत तार नाही, तापणे पुष्कळ कमी, आणि तेवढ्याच विजेत उजेड कितीतरी पट. पांढरी एलईडी शक्य झाली ती निळ्या एलईडीमुळे. त्या कामाबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पुनःपुन्हा भरता येणारा लिथियम-आयन सेल सोनी कंपनीने १९९१ साली बाजारात आणला. त्यामागच्या संशोधनाला २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ते घेणाऱ्या तिघांपैकी गुडइनफ हे तेव्हा ९७ वर्षांचे होते. आपल्या खिशातल्या दोनशे-तीनशे रुपयांच्या विजेरीत अशी दोन नोबेल पारितोषिके सुखाने नांदतात!

या दोघांचे जमले ते का, हेही पाहण्यासारखे आहे. पांढऱ्या एलईडीला पेटावयास सुमारे तीन व्होल्ट लागतात. सुके सेल दोन घातले तर नवे असेतो ठीक. जरा उतरले की उजेड मंद होतो. लिथियमचा एकच सेल सरासरी ३.७ व्होल्ट देतो, पूर्ण भरलेला असता ४.२, आणि रिकामा होत आला म्हणजे तीनच्या आसपास. म्हणजे एकाच सेलवर एलईडी नीट पेटते. म्हणून विजेरी लहान झाली, बोटभर झाली, आणि उजेड मात्र वाढला.

यातील ४.२ हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. माझी चूक याच आकड्याची आहे.

मामांच्या घरी, रामबागेत, आजीच्या उशाशी एक विजेरी असे. मागे दोन पितळी पाय, ते बाहेर ओढून थेट भिंतीतल्या प्लगात खोचावयाचे, अशा जातीची. आपल्याकडेही घरोघर होत्या व अजून आहेत. आजी रात्री उठते तेव्हा तिला तिचा आधार. ती बंद पडली. मी उघडून पाहिले, तर आत शिशाची चार व्होल्टची मोहोरबंद बॅटरी, पार मेलेली. शिशाची बॅटरी रिकामी करून तशीच ठेवली की अशी मरतेच. दुकानात जुन्या लॅपटॉपमधून काढलेले लिथियमचे सेल पडले होते. त्यावर ३.७ लिहिलेले. मी मनाशी म्हटले, चार आणि ३.७ यांत अंतर ते काय? सेल आत बसवला, तारा डागल्या, खटका दाबला. लख्ख उजेड! आजीने पाठीवरून हात फिरवला. रात्री मी मोठ्या कौतुकाने ती प्लगात लावून झोपलो.

पहाटे मामा पाणी प्यावयास उठले, तेव्हा त्यांना गोडसर, उग्र असा वास आला. त्यांनी आधी मुख्य खटका बंद केला. मग ओल्या हातांनी नव्हे, कोरड्या फडक्यात सांडशी धरून विजेरी प्लगातून ओढली आणि गच्चीवर नेऊन वाळूच्या कुंडीत टाकली. मी जिन्यात उभा होतो. फुस्स असा मोठा आवाज झाला, पांढरा धूर आला, प्लास्टिक वितळले. ज्वाळा निघाली नाही हे नशीब. त्या घराचे तक्तपोशीचे लाकूड शंभर वर्षांचे आहे, आणि विजेरी लावली होती ती जागा आजीच्या अंथरुणापासून दोन हातांवर होती.

मामा ओरडले नाहीत. त्याचेच मला जास्त लागले. दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी त्याच जातीची दुसरी विजेरी घेतली. तिच्यात शिशाची चांगली बॅटरी होती. मला हातभर लांब उभे करून त्यांनी स्वतः मीटर लावला. भरत आलेल्या बॅटरीवर आकडा दिसला ४.८.

सगळा धडा एवढाच आहे. शिशाची चार व्होल्टची बॅटरी भरताना ४.८ पर्यंत चढते, आणि चढलेली तिला थोडीफार चालते. लिथियमच्या सेलला ४.२ ही लक्ष्मणरेषा आहे. शिवाय त्या विजेरीत ट्रान्सफॉर्मर नसतोच. एक कपॅसिटर आणि चार डायोड, एवढाच संसार. 'आता पुरे' असे म्हणणारे आत कोणीही नाही. वीज रात्रभर थेंबथेंब आत जातच राहते. (याच कारणाने अशी विजेरी प्लगात असताना उघडू नये. आतला प्रत्येक धातूचा तुकडा घरातल्या २३० व्होल्टच्या तारेशी जोडलेला असतो.)

लिथियमचा सेल भरावयाची रीत वेगळी आहे. आरंभी ठरावीक प्रवाह द्यावयाचा. दाब ४.२ वर पोहोचला की तो तेथेच रोखून धरावयाचा आणि प्रवाह आपोआप उतरू द्यावयाचा. प्रवाह अगदी थोडा उरला की तोडावयाचा. हे काम चार्जरमधील लहानशी चकती करते. ती नसेल तर काय होते? सेलच्या आत एका बाजूस ग्रॅफाइट आणि दुसऱ्या बाजूस धातूचे ऑक्साइड असते. भरताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. जागा भरली तरी रेटा चालूच राहिला, तर लिथियम धातूच्या रूपाने बाहेर साचू लागते. ऑक्साइडाची बाजू खिळखिळी होऊन प्राणवायू सोडते, आणि मधला द्राव तर जळाऊच असतो. उष्णतेने क्रिया वाढते, क्रियेने उष्णता वाढते. सेलच्या टोपीखाली दाब सोडण्याची भोके ठेवलेली असतात. तो 'फुस्स' आवाज त्यांचा. आमच्या सेलने निर्मात्याने सांगितलेले काम चोख केले. चुकलो तो मी.

कन्नड विभागातील मित्रांना एक म्हण ठाऊक असेल : इरुळु कंड बाविगे हगलु बिद्दरंते. रात्री पाहून ठेवलेल्या विहिरीत दिवसाढवळ्या पडले! शिशाची बॅटरी आणि लिथियमचा सेल यांचे चार्जर वेगळे असतात, हे मी स्वतः बिलावर वेगवेगळ्या ओळींत लिहीत होतो. तरीही पडलो.

वरची मर्यादा सांगितली, तशी खालचीही आहे. सेल अडीच व्होल्टच्या फार खाली जाऊ देऊ नये. तसा तो बरेच दिवस पडून राहिला, तर आतले तांबे द्रावात विरघळते, आणि पुढे भरताना ते नको तेथे साचून आतल्या आत दोन्ही टोके जोडते. म्हणून 'मेलेला सेल जिवंत करून देतो' म्हणणाऱ्या कारागिराला नमस्कार करावा आणि पुढे जावे. जुन्या लॅपटॉपमधील सेलांचे बहुधा असेच असते. त्यांचा पूर्वेतिहास कोणाला ठाऊक नसतो.

मापांविषयी थोडे. १८६५० हा आकडा म्हणजे काही गूढ क्रमांक नव्हे. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचे शून्य म्हणजे आकार गोल. १४५०० म्हणजे व्यास १४, लांबी ५०. आता गंमत अशी की आपला नेहमीचा पेन्सिल सेलही जवळजवळ एवढाच असतो. म्हणून १४५०० हा लिथियमचा सेल पेन्सिल सेलच्या विजेरीत अगदी सहज बसतो. एका गिऱ्हाइकाने दोन बसवून आणले होते. तीन व्होल्टच्या जागी आठ! एलईडी क्षणभर सूर्यासारखी चमकली म्हणे, आणि संपली. बसते म्हणून चालते असे नव्हे. विजेरीवर निर्मात्याने तसे छापले असेल तरच घालावा. लिथियम-लोह-फॉस्फेट नावाचा आणखी एक भाऊबंद आहे. तो स्वभावाने शांत, पण त्याचा दाब ३.२ आणि भरण्याची मर्यादा सुमारे ३.६. त्याला नेहमीचा ४.२ वाला चार्जर लावू नये.

सेल सुटा घ्यावयाचा असेल तर त्याच्या वेष्टनाकडे पाहावे. पुष्कळांना वाटते की वरचे टोक धन आणि खालचे तेवढे ऋण. तसे नाही. सेलचा सगळा पत्रा, अगदी वरच्या काठापर्यंत, ऋण असतो. वरचे धन टोक आणि तो काठ यांत कागदाच्या एका कडीचे व पातळ वेष्टनाचे अंतर असते. वेष्टन तेथे फाटले, किंवा सुटा सेल किल्ल्या आणि नाण्यांबरोबर खिशात टाकला, की दोन्ही टोके जुळलीच म्हणून समजा. विमानातसुद्धा सुटे लिथियमचे सेल सामानात टाकू देत नाहीत. ते हातातल्या पिशवीत, टोके झाकून न्यावे लागतात. काही सेलांच्या बुडाशी रक्षक चकती असते. ती वरचा, खालचा आणि आखूड जोडाचा, तिन्ही धोके तोडते. तिच्यामुळे सेल दोन-चार मिलिमीटर लांब होतो आणि एखाद्या विजेरीत बसत नाही. मग गिऱ्हाईक चकतीवाला परत करून बिनचकतीचा घेऊन जाते. मामा अशा वेळी विजेरी बदलावयास सांगतात. निम्मे लोक ऐकतात.

आता माझ्या शाखेचा प्रांत. सेलच्या अंगावर एमएएच म्हणून आकडा असतो. तो सेलची साठवण सांगतो. १८६५० या मापात चांगल्यातला चांगला सेल साधारण ३,५०० च्या घरात जातो. बाजारात मात्र ९,९०० छापलेले सेल ढिगाने मिळतात, आणि तेही स्वस्त! मी भाबडेपणाने विचारले, "मामा, एवढा मोठा आकडा असून स्वस्त कसा?" मामांनी मला दोन सेल दिले आणि सराफ्यात त्यांच्या ओळखीच्या पेढीवर पिटाळले. इंदूरचा सराफा रात्री खाण्यापिण्यासाठी प्रसिद्ध आहे. दिवसा तेथे सोने तोलले जाते. सराफांनी काट्यावर आधी चांगला सेल ठेवला : ४६ ग्रॅम. मग ९,९०० वाला : ३१ ग्रॅम. पंधरा ग्रॅमची तूट. "ह्यात खोट आहे हो," असे ते सोन्याविषयी बोलावे तितक्या गंभीरपणे म्हणाले. साठवण ही शेवटी आतल्या मालाची असते. माल नाही तर साठवण कोठून येणार? दुकानातल्या यंत्रावर तो सेल पूर्ण भरून रिकामा केला, तेव्हा साठवण भरली ७०० आणि काही. छापील आकड्याच्या चौदाव्या हिश्श्याएवढी.

भाव त्या दिवशी असे होते : २,६०० चा चांगला सेल ३०० रुपये, ९,९०० वाला १०० रुपये. दर शंभर एमएएचला पहिला साडेअकरा रुपयांना पडला, दुसरा चौदा रुपयांच्या वर. वजनात मारलेला माल स्वस्त कधीच नसतो, हे किराणा दुकानात आपल्याला कळते. सेलच्या दुकानात कळत नाही, कारण तेथे तराजू नसतो. खरेदी करताना भारतीय मानक ब्यूरोची खूण, तिच्यासोबत आयएस १६०४६ हा क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. अशा सेलांना ही नोंदणी आपल्याकडे सक्तीची आहे. खूणही खोटी छापणारे भेटतात. म्हणून बिल घ्यावे. बिल देण्यास जो कुरकुरतो त्याचा माल कसा असेल हे सांगावयास नको.

आमच्या घरचा हिशेब सांगतो. आमच्याकडे उसाला पाणी पाजावयाचे तर मोटारीची वीज येते तेव्हा जावे लागते, आणि ती पुष्कळदा रात्री येते. आप्पा महिन्यातून पंधरा रात्री तरी जातात, दर खेपेस दोन तास विजेरी लागते. म्हणजे महिना तीस तास. मोठ्या सुक्या सेलांची जोडी चाळीस रुपयांना धरू व ती कामाचा उजेड सहा तास देते असे धरू. महिन्यास पाच जोड्या, दोनशे रुपये. लिथियमची बरी विजेरी चार्जरसह सहाशे रुपयांना पडली. एका भरणीत ती पाच तास चालते. म्हणजे महिन्यास सहा भरण्या. एका भरणीला, वाया जाते ते धरून, सुमारे दहा वॅट-तास लागतात. हजार वॅट-तासांचा एक युनिट. सहा भरण्यांचा खर्च पन्नास पैशांच्या आतच राहतो. म्हणजे तीन महिन्यांत विजेरीची किंमत वसूल.

घसारा मात्र विचारपूर्वक धरावा. चांगला सेल पाचशे भरण्या काढतो असे म्हणतात. वर्षाला बहात्तर भरण्या धरल्या तर सेल सात वर्षे चालेल, असे मी पहिल्यांदा लिहिले होते. मामांनी ते खोडले. सेल वापराने झिजतो तसा नुसत्या वयानेही झिजतो, आणि उन्हाने तर फारच. पूर्ण भरलेला सेल मे महिन्याच्या उन्हात गाडीत ठेवणे म्हणजे त्याचे आयुष्य कापणे होय. बरेच दिवस वापरावयाचा नसेल तर निम्मा भरून सावलीत ठेवावा. म्हणून घसारा तीन-चार वर्षांत सरळ रेषेने काढावा. तरीही सुक्या सेलापेक्षा लिथियम पुष्कळ स्वस्त पडते. वाणिज्याच्या पुस्तकात यंत्राचे आयुष्य एका आकड्यात दिलेले असते. त्या आकड्याला ऊनही लागते, हे मला दुकानात कळले.

हिशेबात न येणारी एक गोष्ट आहे. गेल्या वर्षी गावच्या बाजारातून आम्ही घेतलेल्या विजेरीत तोच 'नऊ हजार'वाला सेल होता. ती आप्पांच्या हातात मध्यरात्री, विहिरीच्या थारोळ्यावर, कसलीही सूचना न देता विझली. सुका सेल मंद मंद होत जातो. म्हातारा माणूस जसा आधी थकतो आणि मग बसतो, तसे त्याचे असते. लिथियमचा सेल शेवटपर्यंत जोमात असतो आणि मग चकती एकदम तोडते. आप्पा तासभर जागच्या जागी बसून राहिले, चंद्र वर येईतो. घरी येऊन एवढेच म्हणाले, "बॅटरी गेली." विहिरीला कठडा नाही. ज्या विजेरीत उजेड कमीजास्त करण्याची सोय असते ती घ्यावी, मंद उजेडावर चालावे आणि दर दोन खेपांनी भरावी, हे मी त्यानंतर शिकलो.

निकामी सेलांचे काय करावयाचे? इंदूर शहर २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिले येत राहिले, ते उगाच नव्हे. तेथे दारी येणाऱ्या गाडीत ओला, सुका, प्लास्टिक असे वेगवेगळे कप्पे असतात. घरगुती घातक वस्तू आणि इलेक्ट्रॉनिक कचरा यांसाठीही निराळी जागा असते. आजी सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून पुडी वेगळी देते. हे कचऱ्यात दाबले गेले की गाडीत आग लागू शकते, हे तिला आता कोणी सांगावे लागत नाही. भारत सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार निकामी सेल परत गोळा करण्याची जबाबदारी सेल बनविणाऱ्यांवर व आयात करणाऱ्यांवर आहे. त्याआधीचे २००१ चे नियम शिशाच्या बॅटरीपुरतेच होते. आमच्या गावात गाडीही नाही आणि कप्पेही नाहीत. मी निकामी सेल एका बरणीत वाळू घालून साठवतो आणि सुटीत इंदूरला नेतो. बसमध्ये शेजाऱ्याने "लोणचे का?" म्हणून विचारले होते.

आजीसाठी मामांनी पुढे नवी विजेरी आणली. पाच व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर भरणारी, आत चकती असलेली, भरली की लाल दिव्याचा हिरवा होणारी. आजी तिला दिवसाच भरते, स्वयंपाकघरातल्या दगडी ओट्यावर, आणि हिरवा दिवा लागेपर्यंत समोर पाट टाकून भाजी निवडीत बसते. गच्चीच्या कठड्यावरचा काळा डाग मात्र तिने कोणाला घासू दिलेला नाही.